सहभागी क्रमांक चार

माझी भाची माणसांवर अभ्यास करते. माणसं कामावर कशी वागतात, एकमेकांना कशी सांभाळून घेतात, यावर तिला डॉक्टरेट मिळवायची होती. आमच्या धुलाईघरात महिनाभर चादरी उपसल्या असत्या तर सगळं आपोआप कळलं असतं. पण बाईसाहेब रेकॉर्डर घेऊन आल्या.

धुलाईघर म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलचं तळघर. ओल्या चादरी मशीनमधून उपसायच्या, ड्रायरमध्ये कोंबायच्या, मग घड्या घालायच्या. आम्ही पाच जणी. भाचीने एकेकीला मागच्या खोलीत बोलावलं.

"नाव कुठेच येणार नाही," ती मला म्हणाली. "तू फक्त सहभागी क्रमांक चार. आणि मी तुझी भाची आहे, हे इथे कुणाला बोलू नकोस हं, मावशी."

बाकीच्यांनी 'सगळं छान आहे' एवढ्यावर तिची बोळवण केली. माझ्या जिभेला मात्र हाड नाही. पोरगी आपली, आणि इतकं मन लावून आपलं ऐकतं तरी कोण? मी सांगून टाकलं. आमच्यातल्या बुटकीचा उजवा खांदा दोन वर्षांपासून कामातून गेलाय. तिच्या वाटच्या ओल्या चादरी आम्ही चौघी पाळीपाळीने उपसतो आणि कामाच्या तक्त्यावर खूण तिच्या नावापुढे करतो. सुपरवायझरला पत्ताही नाही.

भाचीचा चेहरा फुलला. "अगं, हेच तर हवं होतं मला!"

अभ्यासाची एक प्रत हॉस्पिटलच्या ऑफिसात द्यायची, ही परवानगीची अट होती. भाचीने दिली. बुटकीचं नाव तिने खरंच कुठे लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, 'उजवा खांदा निकामी झालेली, बावीस वर्षं सेवेतली महिला कर्मचारी'. बावीस वर्षं झालेली दुसरी होती कोण तिथे? शाळेत कधी पहिला नंबर सोडला नाही कार्टीने, आणि अक्कल ही एवढी.

बुटकीची तपासणी झाली आणि आठवड्याभरात तिला घरी बसवलं. घरात नवरा अंथरुणाला खिळलेला, कमावती ती एकटीच.

साहेबाने अभ्यासातलं ते पान तिला दाखवलं होतं, खाली 'सहभागी क्रमांक चार' असं लिहिलेलं. जाताना ती दारात थांबली. "चार नंबर कोण?"

सगळ्यांच्या नजरा आमच्यातल्या चष्मेवालीकडे वळल्या. ट्रॉलीवरून तिचं आणि बुटकीचं मागच्याच महिन्यात वाजलं होतं.

"मी नाही गं," चष्मेवाली म्हणाली. "आईशप्पथ, मी नाही."

मी मूग गिळून बसले.

मोठ्या चादरीची घडी घालायला दोघी लागतात. चष्मेवालीच्या चादरीचं दुसरं टोक तेव्हापासून कुणी धरत नाही. ती ते टेबलाच्या कडेला चिमट्याने अडकवते आणि एकटीच घडी घालते. डबाही एकटीच खाते. मला तिची दया येते, आणि त्याहून जास्त माझी मलाच चीड येते.

परवा भाची आली, डॉक्टरेट मिळाल्याचं सांगायला. मी तिचं अभिनंदनसुद्धा केलं नाही.

"उद्या धुलाईघरात चल," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर सांग, चार नंबर माझी मावशी होती."

तिचा चेहरा पडला. "मावशी, असं नाही करता येत. सहभागीची ओळख उघड करायची नाही, नियमच आहे तसा."

"आणि बुटकीची केलीस ती?"

ती हळूच म्हणाली, "चुकलं माझं. पण चार नंबर कोण, ते तू स्वतः सांगू शकतेस ना? तुला कुणी अडवलंय?"

कुणीच अडवलं नव्हतं. रात्रभर मी ठरवत होते, सकाळी गेल्या गेल्या सांगायचं.

सकाळी चष्मेवालीने चादर झटकली आणि जुन्या सवयीने एक टोक माझ्याकडे केलं. मग तिचं तिलाच आठवलं, आणि तिने चिमटा शोधायला घेतला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मी माझी चादर उचलली आणि बुटकीच्या जागी आलेल्या नव्या बाईला म्हटलं, "ये गं, धर."