उमाबाईंच्या अंगणातलं ऊन

किल्लारीच्या भूकंपानंतर दिंद्रुडात ज्यांना जमलं त्यांनी मातीची सपाट माळवदं उतरवून पत्रे टाकले. उमाबाईंनीही टाकले. जिवाची धास्ती गेली, पण वाळवणाची जागाही गेली. उतरत्या पत्र्यावर काय वाळत घालणार, कपाळ? उरलं तेवढं अंगण. त्याच्या पूर्वेला शेजारच्या राधाकिशनच्या निलगिऱ्या दोन रांगांत दाटीनं उभ्या, फुकट वाटलेल्या रोपांपासून वाढलेल्या आणि आता पन्नास फुटांवर गेलेल्या. ऊन अंगणात यायचं बाराला, आणि साडेतीनला उमाबाईंच्याच घराची सावली त्याला हाकलून द्यायची.

गल्लीत कुरडयांची सावड होती. आज एकीच्या दारी, उद्या दुसरीच्या. सगळ्या मिळून गव्हाचा चीक शिजवायच्या, सोऱ्या दाबायच्या आणि बाजेवर कुरडया घालायच्या. कुरडईला पहिल्याच दिवशी सकाळपासून कडक ऊन लागतं. नाही मिळालं तर ती आंबते, तिच्यावर तांबडे डाग पडतात. उमाबाईंना हे चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. गल्लीला मात्र तांबड्या कुरडईचं एकच कारण माहीत होतं: बाजूला बसायच्या दिवसांत कुणीतरी तिला शिवलं.

पहिल्यांदा कुरडया तांबडल्या तेव्हा घरात बाईमाणूस म्हणून उमाबाई एकट्याच होत्या, आणि त्यांचे ते दिवस सरून दहा वर्षं झाली होती. म्हणून बायांनी दोष चिकातल्या हिंगाला दिला. पुढच्या वर्षी मुलाचं, महांतेशचं, लग्न झालं आणि सून आली. कावेरी परळीची, हाताची चपळ आणि बोलायला सरळ. सावडीची म्होरकी होती राधाकिशनची आई, गयाबाई. तिनं सोऱ्या दाबता दाबता सहज विचारलं आणि कावेरीनं सहज सांगून टाकलं, की हो, आज दुसरा दिवस. त्यात लपवण्यासारखं काही असतं हेच त्या पोरीला माहीत नव्हतं. लिंगायताचं घर, गळ्यात लिंग असलं की विटाळ लागत नाही, हे ती आईकडे शिकली होती. उमाबाईही तेच शिकल्या होत्या.

त्या वर्षीच्या कुरडयाही तांबडल्या, म्हशींना घालाव्या लागल्या आणि खापर कावेरीच्या डोक्यावर फुटलं. नंतर ती कुणाच्या घरी गेली, की लोणच्याच्या बरण्या आतल्या खोलीत जायच्या. कावेरी घरी येऊन सरळ कामाला लागायची. त्याचंच उमाबाईंना जास्त लागायचं.

यंदा फाल्गुन लागताच त्या राधाकिशनकडे गेल्या.

"राधाकिशन, वरचा शेंडा तरी छाट बाबा. सकाळचं ऊन येत न्हाई."

"काकू, शेंडा मारला की झाडाचा भावच मेला. सरळ खोडाच्या बल्लीला गिऱ्हाईक हाय. थांबा की जरा."

"हे तिसरं वरीस की."

आतून गयाबाई आली. "उमाबाई, झाडाला काहून बोल लावता? तुमच्यात पाळत न्हाईत. आमच्या मेहनतीचं मातेरं होतं त्याचं काय? यंदा सून चार दिवस बाजूला बसंल तरच सावड तुमच्या दारी यील. न्हाई तर तुमचं तुमी बघा."

उमाबाईंच्या जिभेवर चार उत्तरं आली. पण हीच उत्तरं त्यांनी वर्षभर पाणवठ्यावर, पिठाच्या गिरणीत, देवळाच्या पायरीवर दिली होती. पालथ्या घड्यावर पाणी. माणूस खोटं बोलून दमत नाही तितकं खरं सांगून दमतं. त्या "बरं" म्हणाल्या आणि घरी आल्या. दोघींच्यानं दहा शेर गव्हाचा चीक काही हाटून होणार नव्हता, आणि सावड सुटली की सुनेचं गल्लीतलं येणं-जाणंच सुटणार होतं.

रात्रीच्या भाकरी झाल्यावर त्यांनी सांगितलं, "कावेरी, तेवढे चार दिवस मागच्या पडवीत बस. लोकांच्या तोंडाला लागायचं त्राण न्हाई आता मला."

कावेरी परात घासत होती. "आत्याबाई, मग गळ्यातलं लिंग काढून ठिवू, का ऱ्हाऊ दिऊ?"

उमाबाईंनी दिवा सारखा केला.

आणि बघा नशिबाचा खेळ. सावडीच्या आधी आठ दिवस माजलगावचा एक कंत्राटदार ट्रक घेऊन आला. तिकडं नव्या इमारती उठत होत्या, सेंट्रिंगच्या टेकूंना बल्ल्या पाहिजे होत्या. दोन दिवसांत निलगिऱ्या आडव्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सातलाच ऊन उमाबाईंच्या उंबऱ्याला टेकलं. त्या दारातच बसून राहिल्या. त्यांना वाटलं, सुटलो. आता पडवीची गरजच काय? पण गयाबाईला शब्द दिलेला, आणि कावेरी नेमकी सावडीच्या सकाळीच बाजूला झाली. आपणहून पडवीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुरडया मोगऱ्यासारख्या पांढऱ्या झाल्या. गयाबाईनं एक मोडून पाहिली. कटकन मोडली.

"पाह्यलं का? तीन वर्षांत पह्यल्यांदा पाळलं, आन् पह्यल्यांदा पांढऱ्या झाल्या!"

"अव, झाडं गेली म्हनून..." उमाबाई म्हणाल्या.

"फिरून झाडंच!" गयाबाई हसली. बायाही हसल्या. तुटक्या बुंध्यांकडे एकीनंही पाहिलं नाही. "आता दर महिन्याला असंच पाळा. लई गुणाची हाय तुमची सून."

उमाबाईंच्या मनात आलं, या उन्हापेक्षा सावली परवडली असती. आता कोण त्यांचं ऐकणार होतं? ऊनच उलटी साक्ष देऊन बसलं होतं.

त्यांनी चार कुरडया तळल्या आणि ताटली घेऊन पडवीत गेल्या. कावेरी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या हातात द्यायला त्या वाकल्या, तशी ती अंग चोरून मागं सरकली.

"खाली ठिवा, आत्याबाई. शिवू नका. बाया बघत्यात."

उमाबाईंनी ताटली खाली ठेवली.