बिनऔषधाचं रक्त

अनुश्रीला घरी आल्यावर कामाचं बोलायची सवय होती आणि त्या घराला ते ऐकायची. तात्यापारा ही हिंदी मुलखातल्या शहराची जुनी वस्ती; तिथल्या मराठी घरांत जेवताना बदल्या, नागपूरकडची लग्नं आणि भाजीला तिखट का नाही, एवढेच विषय निघतात. या घरात तांबड्या पेशी निघायच्या. वरणभात कालवता कालवता अनुश्री सांगायची, आज पेशींनी चांगला जीव धरला, आज मेल्या, आज सरांनी डोकं खाल्लं. इंदूताई वाढता वाढता लेकीच्या शब्दाला मान डोलवायच्या. धाकटा अनिमेष मधूनच नेमका प्रश्न टाकायचा. त्याला विचारायचा हक्कच होता, कारण सगळा खटाटोप त्याच्याच दुखण्यापायी चालला होता.

अनिमेषला सिकलसेल होता. रक्तातल्या गोल पेशी त्याच्या अंगात विळ्यासारख्या वाकायच्या आणि बारीक नसांत अडकून बसायच्या. मग सांध्यांत, पाठीत अशा कळा उठायच्या की पाहणाऱ्यालाही बघवू नये. इंदूताई आणि त्यांचे यजमान यशवंतराव, दोघांच्याही रक्तात याची अर्धी-अर्धी खोट होती. वरून काही दिसत नव्हतं. लग्नाच्या वेळी वर्ध्याच्या गुरुजींनी पत्रिका मात्र मन लावून जुळवली होती आणि गुण भरघोस जुळले होते. रक्तही जुळवून बघावं लागतं हे त्या काळी कोणी सांगितलं नाही. आता सांगितलं तर लोक उठून जातात. अनुश्रीनं आपल्या रक्तातली अर्धी खोट सरळ सांगून टाकली तेव्हा दोन स्थळं चहा अर्धा टाकून उठली होती. तिसरं आलंच नाही.

यशवंतराव रेल्वेतून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत गेले. अनिमेष पंडरीच्या बाजारात एका ठोक कापड दुकानात बसून बिलं करायचा. रोज एक कॅप्सूल, पोटभर पाणी आणि उन्हापासून जपणं, एवढ्यावर त्याची गेली काही वर्षं बरी गेली होती. कॅप्सूल द्यायचं काम इंदूताईंचं. सकाळची पूजा झाली की देवापुढची साखर आणि ती कॅप्सूल अनिमेषच्या तळहातावर एकदमच पडायची. तो दोन्ही तोंडात टाकायचा, वर तांब्याभर पाणी प्यायचा आणि दुकानाला निघायचा.

अनुश्रीच्या प्रयोगशाळेत आजारी माणसांच्या रक्तातल्या मूळ पेशी वेगळ्या काढून त्यांच्यापासून बशीत नव्या तांबड्या पेशी वाढवत. मग त्यांच्यावर एक नवं औषध घालून बघत. पोटातल्या बाळाच्या रक्तात एक वेगळं हिमोग्लोबिन असतं. ते असलं की पेशी वाकत नाहीत. ते पुन्हा बनू लागतं का, एवढंच त्यांना हवं होतं. पण अनिमेष घ्यायचा ती जुनी कॅप्सूलही थोडंफार तेच करते. ती घेणाऱ्याच्या रक्तात नव्या औषधाचा गुण कोणता आणि जुन्याचा कोणता, याचा पत्ता लागत नाही. म्हणून त्यांना कॅप्सूल न घेतलेल्या माणसाचं रक्त लागायचं, आणि गावोगाव कॅप्सूल मिळायला लागल्यापासून असं रक्त मिळेना. आजारी लोकांना औषध पोचू लागलं याचं दुःख करायची पाळी शिकल्यासवरल्या माणसांवर आली होती, आणि ती माणसं ते दुःख बिनदिक्कत करत होती.

होळीच्या आधीच्या आठवड्यात अनुश्री अशीच वैतागून जेवायला बसली. "पुन्हा सगळे नमुने बाद," ती म्हणाली.

"काहून?" इंदूताईंनी विचारलं.

"सगळ्यांच्या रक्तात औषध. मले बिनऔषधाचं रक्त पाहिजे, आई. तेवढं भेटलं तं काम पुढे सरकते. नाही तं सर बंदच करून टाकतात या वर्षी."

"मग अनीची नवी दवाई?"

"काम बंद तं दवाई कुठून येईल?"

अनिमेष कढी पिता पिता थांबला. घरातलं मराठी त्याला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. "मतलब बिना दवाई वाला आदमी चाहिए," तो म्हणाला.

"हव. अन् तो काही आभाळातून पडून नाही राहिला," अनुश्री म्हणाली आणि लोणचं मागितलं. तिच्या लेखी विषय तिथेच संपला होता. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती, पण ताटावर बसून सगळे नियम कोण सांगत बसतं!

एप्रिलच्या शेवटी प्रयोगशाळेचं नशीब उघडलं. शहराबाहेर उरल्याच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी भरणाऱ्या तपासणी शिबिरातून प्रयोगशाळेला नमुने यायचे, त्यांत एक नमुना आला. औषध कधीच घेतलेलं नाही, अशी नोंद होती. नाव नव्हतं, फक्त सदतीस नंबर. नमुन्यांना नाव नसावं हा नियम, आणि तो चांगलाच नियम आहे. सदतीस नंबरच्या पेशी अशा तरारून वाढल्या की निरंजन सर, जे चांगलं कशालाच म्हणत नसत, ते दोनदा येऊन बघून गेले. अनुश्रीनं त्या संध्याकाळी गोल बाजारातून जिलबी आणली. इंदूताईंनी आणि अनिमेषनं ती जरा जास्तच कौतुकानं खाल्ली. एकमेकांकडे बघून ते हसलेसुद्धा. तिला वाटलं, आपल्या आनंदात घर आनंदी आहे. कसं भरून आलं होतं तिला.

मे महिन्याच्या मध्यावर अनिमेषला ताप आला. दुसऱ्या दिवशी दुकानातच छातीत दुखायला लागलं आणि मालकानं त्याला परस्पर दवाखान्यात नेलं. अनुश्री आईला घेऊन पोचली तेव्हा त्याचे ओठ निळसर झाले होते. छातीतल्या नसांत पेशी अडकल्या आहेत, हे तिला एक्स-रे बघण्याआधीच कळलं.

"दवाई रेगुलर चल रही है?" डॉक्टरनं विचारलं.

"एक दिन भी नागा नहीं," अनुश्रीनं छातीठोकपणे सांगितलं. "आई खुद देती है." शेजारी उभ्या इंदूताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. अनुश्रीनं ते पाहिलं. भीतीनं करतेय, असं तिला वाटलं.

दुपारी अनिमेषला रक्त चढवलं आणि त्याला जरा बरं वाटलं. त्यानं खुणेनं तिला जवळ बोलावलं आणि तोंडावरचा मास्क थोडा सरकवला.

"दीदी, मेरा वाला कैसा चल रहा है?"

"तुझं काय रे?"

"अरे, जो तेरी लैब में है. उरला वाले कैंप में मजदूर बनके देके आया था, बोल दिया कभी दवाई नहीं ली. बिना दवाई वाला."

तो हसत होता. मोठ्या बहिणीला आयुष्यात पहिल्यांदा काही देता आलं, याचं ते हसू होतं. आजवर सगळे त्यालाच देत आले होते. अनुश्रीनं आवाज सांभाळून विचारलं, "कब से बंद है?"

"होली से. एकदम मस्त उगा है न? तू जलेबी लाई थी उस दिन."

"हव," ती म्हणाली. "मस्त आहे." तिनं मास्क नीट बसवला आणि बाहेर आली.

इंदूताई बाकावर बसल्या होत्या. लेकीचा चेहरा बघूनच त्यांना समजलं. "त्यानं म्हटलं, अन् मी हव म्हटलं," त्या म्हणाल्या. "तूच म्हणत होती न, काम बंद पडून राहिलं म्हणून. तुझं काम झालं तं त्याचंच भलं होते. मी नुसती साखर देत होती त्याले."

"रक्त दिल्यावर तरी चालू करायची होती, आई."

"तो म्हणे, पुन्हा मागतील तं? आधी दीदीचं होऊ दे."

"मले विचारलं काहून नाही?"

"विचारलं असतं तं तू नाही म्हटलं असतं."

अनुश्रीला आईचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. लोकांना समजेल असं सोपं करून सांगावं, असं ती नव्या मुलांना शिकवायची. तिनं घरात इतकं सोपं करून सांगितलं होतं की घरानं ते करून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अनिमेष गेला. छाती भरत गेली आणि मशीन लावूनही ऑक्सिजन पुरला नाही.

दिवसकार्य झाल्यावर अनुश्री प्रयोगशाळेत गेली आणि निरंजन सरांना म्हणाली, "सदतीस नंबर अनिमेषचा आहे."

सरांनी हातातले कागद खाली ठेवले. माणूस वाईट नव्हता. मग त्यांनी विचारलं, "रक्त दिलं तेव्हा औषध बंद होऊन किती दिवस झाले होते?"

"दोन महिनेही नाही."

नियम तीन महिन्यांचा होता. कॅप्सूल बंद केली तरी तिचा गुण रक्तात तेवढा काळ रेंगाळतो. हीच गोष्ट त्या दिवशी ताटावर सांगायची राहिली होती. म्हणजे अनिमेषनं जीव धोक्यात घालून जे रक्त दिलं, ते बिनऔषधाचं नव्हतंच.

"तीन महिने भरले नव्हते, हे अजून कोणाला माहीत आहे?" सरांनी खालच्या आवाजात विचारलं.

"मला. आणि तुम्हाला."

"नोंदीत तर त्यानं कधीच औषध घेतलेलं नाही. अनुश्री, तो ज्यासाठी... निदान ते तरी वाया जाऊ नये, असं मला वाटतं."

तिला त्यांची कानशिलं शेकावीशी वाटली, कारण ती स्वतःही वाटेत हाच विचार करत आली होती. तिनं बशी काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. अनिमेषच्या पेशी गोल गोल, गुटगुटीत दिसत होत्या. बशीत ऑक्सिजन भरपूर होता, त्यामुळे एकही वाकलेली नव्हती. तिनं डोळे भरून पाहून घेतलं. मग सगळ्या बशांमध्ये ब्लीच ओतलं. लाल रंग आधी तपकिरी झाला आणि मग गेला. नोंदीपुढे तिनं बाद असं लिहिलं आणि ती घरी आली.

इंदूताई देवापुढे बसल्या होत्या. पूजा झाली होती, साखरेची वाटी तशीच भरलेली होती.

"अनु," त्यांनी वळून न बघता विचारलं, "त्याचं रक्त चाललं न?"

हो म्हणणं सोपं होतं. कोणीही हो म्हटलं असतं. पण तिच्या कामापायी या घरात पुरेसं खोटं बोलून झालं होतं.

"नाही, आई. तीन महिने बंद लागते. त्याचे भरले नव्हते."

"तीन महिने," इंदूताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हे तू जेवताना नाही सांगितलं."

आवाजात राग असता तर अनुश्रीला बरं वाटलं असतं. "नाही सांगितलं," ती म्हणाली.

इंदूताई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. देवघराच्या खालच्या फळीवरून त्यांनी एक स्टीलचा डबा काढला आणि लेकीच्या हातात दिला. आत कॅप्सूलच्या स्ट्रिप्स होत्या, होळीपासूनच्या, एकीचीही चांदी फाटलेली नव्हती.

"फेकल्या नाही मी," त्या म्हणाल्या. "मुदत आहे अजून. ज्याले भेटत नसन, त्याले दे."

अनुश्री डबा घेऊन उभीच राहिली. इंदूताईंनी झाकण लावून दिलं.

"अन् सांगजो त्याले, रोज घे म्हणाव. एक दिवसही नागा करू नको."