झाकण उघडायचं नाही

आई हिवाळ्यात गेली. जाण्याची वेळ माणसाच्या हातात असती, तर तिने हीच निवडली असती. मागे राहिलेल्यांना उन्हाळ्यातला स्वयंपाक शिकायला त्यामुळे चांगले चार महिने मिळाले. त्या चार महिन्यांत कुणी काही शिकलं नाही, हा भाग वेगळा.

ऊन कडकल्यावर वडिलांनी एके दिवशी भर दुपारी, झळ आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या, गॅसवर कुकर चढवला आणि तिसऱ्या शिट्टीला स्वतःच खाली बसले. शेजाऱ्यांनी तोंडावर पाणी मारून उठवलं. डॉक्टर म्हणाले, घर तापू देऊ नका. दादाने ऐकलं ते असं, की घरच बंद करा. त्याचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर, बारा महिने गार हवेचं यंत्र चालू, आणि जेवण दाराची घंटा वाजवून डब्यातून येणारं. वडिलांसाठी खोलीही होती. तिच्यात सध्या वहिनीचं व्यायामाचं यंत्र राहत होतं, पण ते जागा सोडायला तयार होतं म्हणे.

धाकटी बहीण रजा घेऊन वडिलांकडे आली ती सामान बांधायलाच. ती ग्रंथालयात नोकरीला. पुस्तकातल्या तळटिपासुद्धा न चुकवणारी. दादाने तिला मोबाइलवर एक लेख पाठवला होता, 'घर न तापवता स्वयंपाक: एकवीस उपाय'. पहिला उपाय होता, थंड पदार्थ खावेत. अकरावा, शक्य असल्यास बाहेर जेवावं. एकविसावा म्हणजे पहिलाच, कपडे बदलून आलेला. आईची पेटी त्यात कुठेच नव्हती.

ही पेटी म्हणजे काचसामानाचं एक लाकडी खोकं. वडिलांनी कारखान्यातून आणलेलं. चाळीस वर्षं त्यांनी तिथे तापमापकं तपासली. कुठलं अर्धा अंश खोटं बोलतं, ते नजरेने ओळखत. आईने त्या खोक्यात घोंगडी आणि जुने स्वेटर कोंबले. उन्हाळ्यात ती पहाटे, खिडक्या सताड उघड्या ठेवून, पातेल्याला वीस मिनिटं उकळी आणायची, पातेलं पेटीत पुरायची आणि गॅस बंद करायची तो दुसऱ्या दिवशीपर्यंत. दुपारी गार स्वयंपाकघरातून गरम जेवण यायचं. हे कसं होतं, असा प्रश्न वडिलांना तीस उन्हाळ्यांत एकदाही पडला नाही. आपलं घर हवेशीर आहे, अशी त्यांची समजूत होती आणि त्याचं श्रेय ते स्वतःकडे घेत, कारण घर त्यांनी पसंत केलं होतं.

आता मात्र त्यांनी पेटी बाहेर काढली आणि दादाला फोनवर शब्द दिला. रविवारी तिघांचं जेवण मी करतो. स्वयंपाकघर बत्तीस अंशांच्या वर गेलं किंवा जेवण कच्चं राहिलं, तर संध्याकाळी तुझ्या गाडीत बसतो. नाहीतर पुन्हा विषय काढायचा नाही. दादाने लगेच मान्य केलं. हरण्याची भीती नसली की माणूस फार उदार होतो.

सोमवार ते गुरुवार सरावाचे हरभरे कच्चे राहिले. कारण साधं होतं. वडील दर पंधरा मिनिटांनी झाकण उघडून तापमान मोजत होते. वहीत नोंदी इतक्या नेटक्या होत्या, की उष्णता कशी गेली ते मिनिटामिनिटाने दिसत होतं. ती कोण घालवतंय, एवढंच लिहायचं राहिलं होतं. शेवटी धाकटीने विचारलं, आई किती वेळा उघडायची? वडिलांनी वही मिटली. मग त्यांनी तापमापक पुसून तिच्या पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाले, मागितलं तरी देऊ नकोस.

शुक्रवारी त्यांनी ते सहा वेळा मागितलं, शनिवारी दोनदा. शनिवारी हरभरे शिजले.

रविवारी पहाटे उकळी आली, पातेलं पेटीत गेलं. दहा वाजता वडील पाव आणायला बाहेर पडले. खरं तर घरात थांबले असते तर हात आवरला नसता. जाताना एवढंच म्हणाले, "बघत राहा. उघडू नकोस."

धाकटी पेटीसमोर बसली. झाकणाच्या फटीतून लोकरीचं बोटभर टोक बाहेर आलं होतं. निळं.

तो निळा स्वेटर ती चार महिने शोधत होती. कपाट, माळा, पलंगाखालची बॅग, सगळं पालथं घालून झालं होतं. आईने शेवटपर्यंत अंगावरून उतरवला नव्हता तो. तोंडाने धाकटी काही बोलली नव्हती, पण मनातल्या मनात वहिनीवर आरोप ठेवून, खटला चालवून, शिक्षाही सुनावून मोकळी झाली होती. आणि स्वेटर इथे हरभरे सांभाळत बसला होता.

तिने झाकण उघडलं. वरचा स्वेटर काढून मांडीवर घेतला. फक्त मिनिटभर, असं ठरवून. कोपराजवळचं रफू तिने बोटाने चाचपलं. मग कॉलर नाकाशी नेली. भानावर आली तेव्हा घड्याळात पावणेअकरा झाले होते. तिने घाईने स्वेटर कोंबला आणि झाकण लावलं. वडील आले, त्यांनी पेटीकडे पाहिलं, आणि पाव कापायला घेतला.

बारा वाजता दादा आला. आधी भिंतीवरचं तापमापक पाहिलं. एकतीस. तोंड जरा उतरलं. मग हरभऱ्यांचा पहिला घास घेतला, आणि कडकन आवाज आला. दादाचा चेहरा पुन्हा फुलला. दाताचं दुखणं इतक्या आनंदाने सोसणारा माणूस धाकटीने पहिल्यांदाच पाहिला.

"बाबा, सामान घ्या," दादा म्हणाला.

वडील उठले. कपाटाकडे निघाले.

"मी उघडली होती पेटी," धाकटी म्हणाली. "बाबांची काही चूक नाही. मिनिटभरच म्हणून उघडली."

"मिनिटभराने हरभरे कच्चे राहत नाहीत," वडील म्हणाले. "माझ्याजवळचा निळा आज पहाटेच वर घातला होता मी, उजवी बाही वर ठेवून. आलो तेव्हा डावी होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या डोळ्यांकडे पाहिलं. म्हटलं, राहू दे."

दादा चमचा हातात धरून दोघांकडे पाहत राहिला. कुठला निळा, असं त्याने विचारलं, आणि पेटीत पाहिल्यावर त्याला उत्तराची गरज उरली नाही. चमचा त्याने ताटाच्या कडेला ठेवला.

वडिलांनी तापमापक मागितलं. धाकटीने या वेळी दिलं. त्रेपन्न, ते म्हणाले. दहा मिनिटं उकळी आणि दीड तास पेटीत. आत गॅस पेटवायचा प्रश्नच नव्हता. शब्द म्हणजे शब्द. त्यांनी विजेची छोटी शेगडी गच्चीवर नेली. घर तापवायचं नाही एवढंच ठरलं होतं, बाकीचं जग आधीच तापलेलं होतं. वडील पातेल्याशी बसले आणि त्यांच्या डोक्यावर छत्री धरून दादा भर उन्हात उभा राहिला. पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. गार हवेच्या यंत्राबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

दीड तास तिघंही पेटीच्या भोवती बसले. कुणी उघडायला हात पुढे केला नाही.

हरभरे लोण्यासारखे शिजले. दादाने तिसऱ्यांदा वाढून घेतले, पण छान झालेत असं म्हणाला नाही. हरलेल्या माणसाने सगळंच कसं द्यायचं. आतलं तापमापक अजून एकतीसच दाखवत होतं.

जेवणानंतर वडिलांनी निळा स्वेटर झटकला आणि धाकटीपुढे धरला. "घेऊन जा. हरभऱ्यांचा वास लागलाय, पण धुतला की जाईल."

"धुवायचा नाही," ती म्हणाली. घडी करून तिने तो पुन्हा पेटीत ठेवला. उजवी बाही वर.

निघताना दादा दारात घुटमळला. म्हणाला, त्याच्याकडे एक जाड जाकीट पडून आहे, घरात फारच गारवा होतो म्हणून घ्यावं लागलं होतं. पेटीला चालेल का. वडील म्हणाले, आणून ठेव, मोजून बघू.

वहिनीच्या व्यायामाच्या यंत्राला निदान त्या उन्हाळ्यात तरी जागा सोडावी लागली नाही.