कुंकू लावलेला ब्लॉक

पनवेलच्या लोखंड बाजारामागे प्रणित नावाच्या तरुण व्यापाऱ्याचे जुन्या इंजिनांचे यार्ड होते. तेथे पत्र्याच्या छपराखाली एक ब्लॉक लाकडी ठोकळ्यांवर बसवून ठेवलेला होता, आणि त्याच्या काळ्या अंगावर हळदीकुंकवाची ठसठशीत बोटे उमटली होती. परेश मिस्त्रीने ती लांबूनच पाहिली आणि त्याचे पाऊल अडखळले.

ब्लॉक म्हणजे इंजिनाचे धड. पिस्टन, क्रँक, हेड ही सारी अंगे त्यात मागाहून बसवायची, आणि बिघडली तर बदलायची. परंतु धडच नासके निघाले तर वरची कारागिरी मातीमोल होते. परेशच्या बहिणीचे यजमान दत्ता यांची करंजाला मासेमारीची होडी होती. गेल्या हंगामाच्या अखेरीस तिच्या इंजिनाचा ब्लॉक फुटला. आता पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठण्याचे दिवस तोंडावर आले होते. इंजिन नव्याने बांधून देण्याचे परेशने कबूल केले होते. अट एकच, की ब्लॉक तो स्वतः निवडील. पण मध्येच आपटा गावी खडी फोडण्याचे यंत्र बंद पडले, तिकडे त्याला अडकून राहावे लागले, आणि दत्ताचा धीर सुटला.

धीर सुटलेला मनुष्य काय करील याचा नेम नसतो. दत्ता बायकोला, रूपाला, घेऊन यार्डात आला, त्याने ब्लॉक पसंत केला आणि तेथेच नारळ फोडला. रूपाने नवऱ्याच्या नावाने हळदकुंकू लावले. होडीवाल्या मंडळींत अशी रीत होती की, कुंकू लागलेल्या वस्तूला दुसरे गिऱ्हाईक हात लावीत नाही. आणि ती परत करणे म्हणजे दर्यावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारण्यासारखे मानीत.

आज ब्लॉक उचलून न्यायचा म्हणून सारी मंडळी आली होती. दत्ताची आई हौसाबाई एका पालथ्या टायरवर बसली होती.

"या मिस्त्री," दत्ता म्हणाला. "बायकोचा भाऊ म्हंजे मोठा मान्‌स. वाट बगून बगून आमची दाढी पिकली."

"दाजी, मी थांबा बोललो होतो."

"थांबलो असतो तर हा गेला असता. प्रणितला इचार."

"दोन पार्ट्या बघून गेल्या," प्रणित म्हणाला. "ट्रकचा ब्लॉक आहे, परेशभाई. लॉटमध्ये आला, असा पीस रोज येत नाही."

परेशने पुढे वाद वाढवला नाही. त्याने तारेच्या ब्रशने ब्लॉकची बाजू घासली आणि लोखंडातच ओतलेली अक्षरे वाचली. जुन्या ब्लॉकशी त्यांचा मेळ बसत होता. सिलिंडरच्या तोंडाशी त्याने नख फिरवले. पिस्टनच्या घर्षणाने तेथे जी कड उठते ती अगदीच बारीक लागली, म्हणजे झीज थोडीच होती. लहान हातोडीने त्याने जागोजागी टिचकी मारली, तेव्हा घंटेसारखा स्वच्छ नाद उठला. मग त्याने ब्लॉकच्या अंगाला डिझेल चोपडले, कोरडे पुसले आणि वर खडूची पूड भुरभुरली. कोठे तडा असता तर आत मुरलेले डिझेल काळी रेघ होऊन खडूवर उमटले असते. तशी रेघ उमटली नाही.

"पास ना?" दत्ता हसला. "का अजून तोंडी परीक्षा हाय?"

रूपाही हसली. भावाच्या तोंडून होकार ऐकण्यासाठी ती कधीची आतुर झाली होती, हे परेशला दिसत होते, आणि त्यालाही मनापासून होकारच द्यावासा वाटत होता. तथापि त्याने खिशातून आकडा केलेली तार काढली व इंजिन थंड ठेवणारे पाणी खेळण्याच्या भोकातून ती आत सोडली.

गोड्या पाण्यावर चाललेल्या इंजिनाच्या पोटात तांबडा गाळ साचतो. तारेबरोबर गाळ आला नाही. पापुद्रे आले, शिळ्या भाकरीचे सुटावेत तसे, आणि त्यांच्या घड्यांत काहीतरी पांढुरके होते. त्याने पुन्हा तार घातली आणि आतल्या भिंतीवर जोर दिला. लोखंड तारेखाली भुगा होऊन सुटू लागले.

परेशने तार बाहेर काढली आणि पापुद्रे मुठीत घेतले.

"हा ट्रकचा नाही," तो म्हणाला. "असला तरी शेवटी होडीवरच चाललेला आहे. कोणीतरी याच्यातून खारे पाणी फिरवले आहे. आतून भिंत खाल्ली गेली आहे."

"बाहेरून आवाज तर चांगला आला," प्रणित चाचरत म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "आईशप्पत, मला हे माहीत नव्हतं."

"तू काय आत शिरून बघणार होतास?" परेश म्हणाला. "पण दाजी, तुम्ही म्हावरं घेताना माशाचा कल्ला उघडून बघता. आणि हे बाहेरचा रंग बघून घेतलंत?"

दत्ताचे हसू मावळले. "लोखंडाला कल्ला नसतो. थोडा गंज हाय, त्याचं काय एवडं. तू बांद. एक हंगाम काडतो, मग बगू."

"भर दर्यात भिंत फुटली तर पाणी सिलिंडरमध्ये जाईल. इंजिन जागीच आवळून बंद पडेल. वर वारा असला तर होडी कुठे जाईल, ते तुम्हाला मी सांगायचं?"

"आन कुंकू लागलंय त्याचं?" दत्ताचा आवाज चढला. "नारळ फुटलाय. हिनं माज्या नावानं लावलंय. ते काय आता पुसायचं?"

त्या शब्दासरशी रूपाचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला. "दादा," ती हलकेच म्हणाली, "तुला जमेल तेवढं नीट कर ना रे. पण हे परत नको करू. माझ्या हातून पुसलं जाणार नाही."

लोखंडाबद्दल परेशला खात्री होती. पण बहिणीच्या या भीतीपुढे तार, खडू आणि हातोडी कोणत्या कामाची? तिला दुखवावे तर पाप, आणि न दुखवावे तर तिच्या नवऱ्याला आपल्याच हाताने धोक्यात लोटावे.

टायरवर बसलेल्या हौसाबाईने हात पुढे केला. "बाला, ते काय निघालं ते दे बगू हिकडं."

परेशने पापुद्रे तिच्या तळहातावर ठेवले. हौसाबाई उरणच्या मिठागरावर जन्मलेली. बाप आणि भाऊ खाजणात मीठ ओढीत असताना ती उघड्या पायांनी बांधावर वाढली होती. तिने पांढुरका कण बोटाने वेगळा केला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मग बाजूला थुंकली.

"मीठच हाय," ती म्हणाली. "मिठागरावर फावडी असायची लोखंडाची. बाहेरून धड दिसायची, आन एक दिवस हातात नुसता दांडा यायचा. मिठानं धरलेलं लोखंड सुटत नाय, दत्ता."

"आये, पन कुंकू—"

"तिनं पुसायचं नाय. तुजा बाप गेला तवा माजं पुसलं. माज्या हाताला आता काय लागायचं रायलंय?"

ती उठली, गुडघ्यावर हात देत ब्लॉकपाशी गेली आणि पदराच्या टोकाने तिने ती बोटे एकेक करून पुसली. घाई केली नाही. पुसून झाल्यावर पदरावर तांबडा डाग राहिला. ते टोक तिने आतल्या बाजूला दुमडून कमरेला खोचले.

रूपा रडत होती. सासूने तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग परेशने यार्डाच्या मागच्या रांगा पाहिल्या. बराच वेळ शोधून त्याने एक कुरूप, तेलाने माखलेला ब्लॉक पुढे ओढला. अक्षरे जुळत होती. खडूवर रेघ आली नाही. सिलिंडर मात्र भरपूर घासलेले होते. तारेबरोबर तांबडा गाळ आला, आणि त्याखालची भिंत घट्ट लागली. हौसाबाईने न सांगता बोट पुढे केले, गाळ चाखला आणि तोंड वाकडे केले.

"अलनी हाय," ती म्हणाली.

"हा घेऊ," परेश म्हणाला. "पण घासलेल्या सिलिंडरांना आतून नवे लायनर घालावे लागतील. लेथवाल्याकडे सगळ्या होड्यांची कामं आधीच पडून आहेत. बंदी उठेल त्या दिवशी तुमची होडी निघणार नाही, दाजी. नारळी पुनवेपर्यंत जमेल, असंही मी सांगत नाही."

हंगामाचे पहिले दिवस म्हणजे होडीवाल्याचे अर्धे वर्ष. दत्ताने आईकडे पाहिले, मग रूपाच्या ओल्या डोळ्यांकडे. तो यार्डाच्या फाटकापर्यंत गेला, पाठमोरा उभा राहिला आणि त्याने होडी हाकणाऱ्या आपल्या तांडेलाला फोन लावला.

"हा, दत्ता बोलतोय," तो म्हणाला. "आपली होडी उशिरा निगल. पोरांना सांग, ज्याला दुसऱ्या होडीवर जायचंय त्यानं जावं. माजा राग नाय."