ऊर्मिलाताईचा हप्ता

मी तोंडावर गोड आणि मनात हिशेब ठेवणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला माझी कीव यायला नको.

जर्मनीत, वाल्डॉर्फजवळच्या एका लहान कंपनीत मी नोकरी करते. आम्ही बँकांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. जूनमध्ये नॉर्वेच्या एका बँकेचं काम आलं. कर्जाच्या अर्जात जे जे इंग्लिश शब्द येतात, त्या प्रत्येकासमोर नॉर्वेजियन शब्द हवा आणि खाली शब्द समजावणारं एक सोपं वाक्य हवं. एकूण शब्द चौसष्ट. नॉर्वेजियन बाजू बर्गनमधली सोलवाइग नावाची भाषांतरकार बघणार होती, इंग्लिश वाक्यं माझ्या गळ्यात.

मला नॉर्वेजियनचा गंध नाही. पण सोलवाइगच्या तोंडून शब्द ऐकायला मजा यायची. त्यांचं कर्ज म्हणजे जवळजवळ आपलं लोनच. हप्ता म्हणजे आवद्राग. जामीनदार म्हणजे काउशुनिस्त. आणि कर्ज थकवणं म्हणजे मिस्लिगहोल्ड, शिवी दिल्यासारखं! उसनं देणं आणि उसनं घेणं, दोन्हीला एकच शब्द, लोने.

"मग देणारा कोण आणि घेणारा कोण ते कळतं कसं?" मी विचारलं.

"वाक्यावरून," ती म्हणाली. "म्हणून तू वाक्यं नीट लिही."

वाक्यं मी अगदी नीट लिहिली. सगळ्या वाक्यांत ऊर्मिलाताईला घातलं.

ऊर्मिलाताई ही माझी सख्खी कुणी नाही. आमच्या निधीच्या जन्माच्या वेळी आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा ही शेजारच्या इमारतीतली बाई चाळीस दिवस रोज सकाळी घरी यायची. बाळाला न्हाऊ घालायची, माझी कंबर शेकायची, आळिवाची खीर पुढ्यात ठेवून "संपव मुकाट्यानं" म्हणायची. गेल्या वर्षी तिचं आणि नवऱ्याचं फाटलं. या फेब्रुवारीत तिला जवळच्या वीसलोख गावात एक खोली मिळाली, पण घरमालकाला काउत्सियोन, म्हणजे अनामत, आधी हवी होती. चोवीसशे युरो. ती माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून खाली बघत म्हणाली, "मालिनी, तुलाच विचारतेय गं. कधी परत करू ते सांग, तसं करते."

आणि मी काय म्हणावं? "अगं ताई, वेडी का तू! तारीख कसली विचारतेस? सवड होईल तेव्हा दे."

तिनं माझे हात धरले. मला फार थोर वाटलं. त्याच रात्री मी मनात ठरवलं की मेपासून महिन्याला दोनशे आले तर वर्षात फिटतील. हे मी तिला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. मे आला, दोनशे आले नाहीत. जून, जुलैही तसेच गेले. ताई भेटायची, हसायची, निधीसाठी चिक्की आणायची, पैशांचं नाव नाही. आणि एक दिवस पायात नवे बूट! लाल, चामड्याचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं बाई, बुटांना पैसे आहेत होय?

विचारायचं होतं ना सरळ? पण नाही. भीड. आपल्याकडे पैसे मागणं म्हणजे वाईटपणा घेणं. माझी सगळी जळजळ मग त्या चौसष्ट ओळींत उतरली. हप्ता: "ऊर्मिलाने तीन हप्ते चुकवले." थकवणं: "ऊर्मिलाने कर्ज थकवलं, पण नवे बूट घेतले." वसुली: "ऊर्मिलासारख्या लोकांसाठी वसुली खातं असतं." पत: "ऊर्मिलाची पत संपली आहे." लिहिताना काय हलकं वाटत होतं, काय सांगू! इथे तिला ओळखतंय कोण?

सोलवाइगनं भाषांतर करून फाइल परत पाठवली, त्यात चाळिसाव्या ओळीशेजारी एक टीप होती. "ही ऊर्मिला कोण? मला तिची काळजी वाटायला लागली आहे. तिला कुणी मुदत वाढवून का देत नाही?"

मी उत्तर लिहिलं, "हा हा, नमुन्याचं नाव आहे." कान मात्र गरम झाले. नावं बदलायचं ठरवलं, मग निधीला ताप आला, मग सुट्टी, मग राहूनच गेलं. खरं सांगायचं तर राहू दिलं.

आणि कळस ऐका. ताईनं त्या काळात सॉफ्टवेअर तपासनीसाचा कोर्स पूर्ण केला. तिचा अर्ज आमच्या कंपनीत कुणी पुढे केला? मीच. नोकरी लागली की माझे पैसे निघतील, हा हिशेब. जगाला मात्र मी सांगत फिरले की बाईमाणसानं बाईमाणसाला हात द्यायला नको का?

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी ती रुजू झाली. दुपारी कँटीनमध्ये माझ्यासमोर ट्रे ठेवत, चेहरा नुसता फुललेला, म्हणाली, "मालिनी, पहिलंच काम काय दिलंय माहितीये? तुझी शब्दांची यादी तपासायची! नॉर्वेची. उद्या सकाळपासून एकेक वाक्य बघणार. तुझं नाव राखेन हं मी."

घास तसाच तोंडात. "अगं, ती यादी जुनी आहे," मी म्हणाले. "थांब जरा, मी नवी देते."

"गेनाऊ, अगदी बरोबर, जुनीच तपासायची आहे," ती हसली. "चुका सापडल्या पाहिजेत ना. सहा महिने प्रोबेत्साइटवर आहे मी, कच्ची नोकरी, काम दाखवायला नको?"

मी जेवण टाकून जागेवर पळाले. तासाभरात चौसष्ट ठिकाणी ऊर्मिला काढून कारी हे नॉर्वेजियन नाव घातलं. पण तपासणीसाठीची आवृत्ती शुक्रवारीच बंद झाली होती. ज्याच्या हातात ती होती त्याला विचारलं, तर तो थंडपणे म्हणाला, "आता काही बदलता येणार नाही. चूक असेल तर तपासनीस लिहीलच की." संध्याकाळी ताईला फोन करावा म्हणून तीनदा नंबर काढला. काय सांगणार होते? उद्या जे वाचशील ते मी लिहिलेलं नाही म्हणून? फोन ठेवून दिला. माझा नवरा समर्थ म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "पित्त."

मंगळवारी सकाळपासून मी तिच्या टेबलाकडे बघितलं नाही. साडेअकराला तिची पहिली तक्रार पडद्यावर आली. आमच्याकडे प्रत्येक चूक ठरलेल्या साच्यात लिहावी लागते: काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, किती गंभीर. ताईनं कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे शिस्तीत लिहिलं होतं.

"ओळ सतरा, हप्ता. काय दिसलं: ऊर्मिलाने तीन हप्ते चुकवले. काय दिसायला हवं होतं: हप्ते ठरले होते असा करार. तपासनीसाला असा करार कुठेही सापडला नाही. असल्यास कृपया जोडावा. गांभीर्य: कमी."

"ओळ एकतीस, थकवणं. काय दिसलं: नवे बूट. काय दिसायला हवं होतं: जुने बूट. बाजार जुन्या वस्तूंचा, किंमत आठ युरो. गांभीर्य: कमी."

वसुलीबद्दल तिनं काही लिहिलं नव्हतं. पत संपल्याबद्दलही नाही. शेवटची तक्रार सगळ्या यादीला मिळून होती. "वाक्यांतलं नाव खऱ्या व्यक्तीचं असू शकतं. कुणाच्या मनाला लागू नये म्हणून बदलावं. गांभीर्य: कमी."

चाळीस जणांना दिसणारा पडदा, आणि त्यावर एका अक्षरानंही तिनं माझी अब्रू काढली नव्हती. कंपनीत सगळे तिला अजून आडनावानंच ओळखत होते, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. बाजूचा जर्मन सहकारी हसून म्हणाला, "नवी बाई बारीक बघते हं, बूट जुने की नवे!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडून रडले. त्याही वेळी मनात पहिलं काय आलं असेल? की बरं झालं, कुणाला कळलं नाही. अशी मी.

जागेवर ती नव्हती. घरून काम घेतलंय, असं कळलं. बुधवार, गुरुवार मी लिहिलेले निरोप तिनं वाचले, उत्तर नाही. शुक्रवारी फोनवर बँकेची सूचना आली. चोवीसशे युरो जमा. पाठवणारी ऊर्मिला. पैसे कशासाठी ते लिहायची जी ओळ असते, तिथे रोमन अक्षरांत दोनच शब्द होते.

सवड झाली.

मी बस पकडली नाही, चालतच वीसलोखला गेले. दार तिनंच उघडलं. "ये गं," म्हणाली, नेहमीसारखी. दाराशी लाल बूट ठेवलेले होते, टाचेला शिवण घातलेली मी पहिल्यांदाच पाहिली. तिनं चहा टाकला. मला बसवेना.

"ताई, मला माफ कर," मी म्हणाले. "मी फार नीचपणा केला. ते पैसे परत घे. अजून पगार झाला नाही तुझा, कुठून आणलेस?"

"बँकेतून. लहानसं लोन काढलं." ती आलं किसत होती, माझ्याकडे पाठ करून.

"व्याज किती लावतील ते! घे ना गं परत. तुझी शपथ, तू म्हणशील ती तारीख..."

"व्याज आहे," ती म्हणाली. "पण मालिनी, बँकेतल्या मुलीनं पहिल्या दिवशीच कागदावर तारीख लिहून दिली. दर महिन्याची पंधरा. मी तीनदा विचारलं, म्हटलं यापलीकडे काही नाही ना तुमच्या मनात? ती म्हणाली, नाही. इतकं बरं वाटलं मला."

तिनं कप माझ्या हातात दिला. साखर बरोबर माझ्या अंदाजाची होती, दीड चमचा.

"निधीचा खोकला गेला का?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. चहा गरम होता, तसाच प्यायले.