सोड्यातला शिंपला

लातूरच्या ज्या क्लासात मी केमिस्ट्री शिकवतो, तिथं धड्याची लायकी एकाच गोष्टीवर ठरते: दहा वर्षांत नीटला त्यावर किती प्रश्न आले. शून्य आले की धडा मेला.

तरी मी असल्याच एका मेलेल्या धड्यासाठी प्यायच्या सोड्याच्या ग्लासात समुद्राचा शिंपला ठेवला. रोज ताजा सोडा ओतला. आठव्या दिवशी वर्गासमोर तो चिमटीत धरला, तर पापडासारखा मोडला.

"सोड्यातला वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आपल्या धुरातला तोच वायू समुद्र पितो आणि आंबट होत जातो," मी सांगितलं. "समुद्र सोड्याइतका आंबट होणार नाही. पण शिंपल्यांच्या पिल्लांना थोडा फरकसुद्धा जड जातो. त्यांचं कवचच नीट धरत नाही."

"मग काय करायचं सर?" उदगीरच्या लुंबिनीनं उभं राहून विचारलं.

तेवढ्यात क्लासचे मालक अवधूतसर दारात आले. "आनंदराज, पोरं डॉक्टर व्हायला आलीत. यातल्या एकानं तरी समुद्र बघितलाय का?" वर्ग खिदळला. "मोल कन्सेप्ट घे. न्हाई तर हा तास फिजिक्सला देऊन टाकतो."

ते गेले. लुंबिनी अजून उभीच. तिला उत्तर पाहिजे होतं आणि माझ्याकडं ते नव्हतं. मालक आले नसते तरी नव्हतं. हे कबूल करायची हिंमत झाली न्हाई, म्हणून मी मालकाचीच भाषा बोललो.

"बस खाली. हे परीक्षेत येत न्हाई."

ती बसली आणि तिनं तेवढंच वहीत लिहून घेतलं.