बिनतेलाच्या नळ्या

प्रयोगशाळेतून घरी आले की आई दारातच विचारायची, "जेवले का तुझे जंतू?" मी म्हणायचे, "पोटभर." सहा वर्षं हा आमचा विनोद चालला. माझे जंतू म्हणजे दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद, आतड्यात राहून माणसाचं भलं करणारे. आपल्या खाण्यातल्या तेलांची मेदाम्लं त्यांना मानवतात की मारतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. ऑलिव्हच्या तेलातलं मेदाम्ल घातलं की दुसऱ्या दिवशी नळी दुधासारखी गढूळ व्हायची, इतके ते वाढायचे. शेजारची बिनतेलाची नळी मात्र जवळजवळ नितळ.

आईचं पोट एका लांबलेल्या आजारपणात औषधांच्या भडिमाराने कामातून गेलं होतं. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. माझे आकडे बघून मीच तिला रोज सकाळी दह्याबरोबर एक चमचा ते तेल सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, "घेऊ द्या, अपाय नाही." तिला त्या तेलाच्या वासाने ढवळायचं. नाक धरून गिळायची आणि म्हणायची, "बरं वाटतंय गं." ती पहिल्यांदा तसं म्हणाली त्याच दिवशी मी प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहायला घेतलं.

गेल्या गुरुवारी शेवटचा एक आलेख पक्का करायला मी प्रयोग पुन्हा लावला. मेदाम्ल पाण्यात मिसळत नाही, म्हणून ते आधी एका चिकट पिवळ्या द्रावणात घोटून मग नळीत सोडायचं. त्या दिवशी एका ओळीत मी नुसतं द्रावणच सोडलं, मेदाम्ल घालायला विसरले. शुक्रवारी सकाळी त्या नळ्याही दुधासारख्या गढूळ.

मी स्टुलावर बसले ती बसलेच. ते द्रावण मेदाम्लापासूनच बनवतात, हे मला पहिल्या वर्षापासून पाठ होतं. माझे जंतू ते द्रावणच खात होते; तेलाने वाढत होते की नाही, हे कळायला मार्गच नव्हता. बिनतेलाच्या नळ्यांमध्ये मी ते कधी घातलंच नव्हतं. तेलच नाही तर मिसळायला काय घालायचं, असा व्यवहारी विचार मी पहिल्याच आठवड्यात केला होता. अतिशहाणी कुठली. सहा वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतलं, आणि वर त्याचे आलेख काढले.

मार्गदर्शक मॅडमनी वही दोनदा वाचली.

"पद्धत मी तपासली होती," त्या म्हणाल्या. "खाली सही माझीच आहे."

"पुन्हा केलं तर?"

"कुठे करणार? महिनाअखेरीला मी निवृत्त होतेय, ही खोलीही दुसऱ्या विभागाला गेली. तुझी प्रबंध द्यायची मुदत सोमवारी संपते. दोनदा वाढवून झाली." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "असंच देऊन टाक, हे मी तुला सांगू शकत नाही."

मलाही ते विचारता आलं नाही. आम्ही दोघींनी नळ्या गोळा केल्या आणि जंतू मारायला ऑटोक्लेव्हमध्ये लावल्या. मला रडू येत होतं, पण मॅडमच आधी रडल्या, त्यामुळे माझं राहून गेलं.

घरी आले.

"जेवले का तुझे जंतू?"

चपला काढता काढता मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "उद्यापासून तेल नको घेऊस, आई. त्याने काही होतं, असं मला आता म्हणता येत नाही."

"बरं," आई म्हणाली. तिने इतकं चटकन मान्य केलं, की मीच अडखळले.

"पण तुला तर बरं वाटत होतं ना?"

"कसलं बरं, बाळा. तू रोज चमचा भरून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायचीस. मग काय म्हणणार?"

ती भिंतीला धरून उठली आणि माझं ताट वाढलं. स्वतःचं वाढलं नाही. भूक असल्याचं सोंगही तिने त्या दिवशी केलं नाही.